डावं-उजवं

तिनं रुसूबाईचं डोकं पुन्हा एकदा डावीकडे लावून धरलं आणि रुसूबाईनं घर डोक्यावर घेतलं. अडीच महिन्यांचा जीव, वजन जेमतेम पाच किलो, पण पाठीची अशी कमान केली की हातातून निसटतेय की काय असं वाटावं. तोंड उघडं, डोळे घट्ट मिटलेले, चेहरा पलीकडे. दुधाचे दोन थेंब बाहेर आले होते, ते तसेच ओघळून सदऱ्यात जिरले.

"राहू दे गं," सासूबाई दारातून म्हणाल्या. "लाव उजवीकडे. उगाच तिच्या जिवाला त्रास आणि तुझ्याही."

तिनं बाजू बदलली. उजवीकडे नेल्याबरोबर रडणं थांबलं. रुसूबाई पिऊ लागली, अगदी गुणी बाळासारखी, मधेच एक हुंदका देत.

"आईच्या दुधात कसलं आलंय डावं-उजवं?" सासूबाई जवळ येऊन नातीच्या टाळूवरून हात फिरवत म्हणाल्या. "पण या बाईसाहेबांचं सगळंच वेगळं."

रुसूबाई हे नाव त्यांनीच ठेवलेलं. बाळ दहा दिवसांचं असताना पाळण्यात कसंही निजवा, तोंड एकाच बाजूला करून पडून राही. त्या बाजूला भिंत असली तर भिंतीकडे बघे. "बघा, रुसून बसलीय! काय पाहिजे बाईला?" असं त्या म्हणाल्या आणि सगळे हसले. जन्मदाखल्यावरचं नाव दाखल्यावरच राहिलं.

सल्ल्यांना तोटा नव्हता. शेजारीण म्हणाली, त्या बाजूचं दूध खारट असेल. नणंद फोनवरून म्हणाली, तू त्या बाजूला झोपतेस का, दूध दबत असेल. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याला प्रत्येक बिघाडाला कारण असतं आणि कारण सापडलं की पाना लागतो, एवढं ठाऊक होतं. तो दूध काढायचा पंप घेऊन आला आणि सूचनांचा कागद मन लावून वाचून म्हणाला, "दाब कमी असेल त्या बाजूला."

"मी काय पाण्याची टाकी आहे?" ती म्हणाली. दोघंही हसले. तेव्हा अजून हसता येत होतं.

तिसऱ्या महिन्यात उजवी बाजू दुधानं तट्ट फुगलेली असायची, आणि डावी दिवसेंदिवस उतरत चालली होती. आंघोळीला गेल्यावर ती आरशाकडे पाठ करून उभी राहायला लागली. बायकांच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आली. त्यांनी तपासलं, कुठे गाठ नाही म्हणून सांगितलं. "काही बाळांना एक बाजू आवडते. तुम्ही लावत राहा. आणि बाकी म्हणाल तर थोडं कमी-जास्त सगळ्यांचंच असतं," असं म्हणून त्यांनी पुढच्या बाईला आत बोलावलं. तपासणी जेमतेम एक मिनिट चालली असेल. रुसूबाई तेव्हा सासूबाईंच्या मांडीवर, बाहेरच्या बाकावर होती. तिला कोणी तपासलं नाही. तिचं काय तपासायचं?

चौथ्या महिन्यात रजा संपली. ती चष्म्याच्या दुकानात काम करायची. नंबर काढणारे डॉक्टर वेगळे, तिचं काम त्यानंतरचं. दोन बुबुळांमधलं अंतर मोजायचं, फ्रेम गरम करून दांड्या वाकवायच्या, नाकावरचे पॅड दाबायचे आणि चष्मा चेहऱ्यावर सरळ बसवून द्यायचा. हातात कसब होतं. बाकीच्यांनी तीनदा वाकवलेला चष्मा ती एकदा बघून जागेवर आणायची. गिऱ्हाईक कुरकुरलं, की म्हणायची, "चष्मा सरळच आहे, काका. तुमचा एक कान वर आहे. घाबरू नका, सगळ्यांचाच असतो."

पण रजेनंतर तिला त्या कामात एक गोष्ट पहिल्यांदाच जाणवली. गिऱ्हाईक खुर्चीत बसलेलं आणि ती समोर वाकून उभी. जुना चष्मा काढलेला असतो तोवर बिचाऱ्याला धुरकट दिसतं. मग ती नवा चष्मा चढवते, आणि जगातली पहिली लख्ख दिसणारी गोष्ट म्हणजे हातभर अंतरावरची तिची छाती. दुकानाच्या पांढऱ्या कोटाला डावीकडे खिसा होता आणि खिशावर दुकानाचा बिल्ला. उजवीकडे कोट ताणलेला, डावीकडे बिल्ला आत वळून लोंबकळायचा. चष्मा चढवला की ती चटकन बाजूला सरकायला लागली. "आता समोरची पाटी वाचा," असं म्हणत.

चष्मा पुसायची मऊ फडकी दुकानात शेकड्यानं असायची. त्यातली दोन ती सकाळी चौघडी करून डाव्या बाजूला आत ठेवू लागली. दुपारी मागच्या खोलीत, काचांच्या खोक्यांच्या आडोशाला उभी राहून उजवीकडचं दूध पंपानं काढायची. डावीकडेही लावून बघायची. पंप घुरघुरायचा, आणि बाटलीच्या तळाला धुकं धरल्यासारखा एक ओलावा यायचा. तेवढंच.

एके दिवशी एक निवृत्त मास्तर आले. मान ताठ, बोलणं तोलून मापून. त्यांच्या कानामागे दांडी टोचत होती म्हणून ती वाकली, आणि वाकताना तिला कळलं, की आतलं काहीतरी सुटलंय. निळं फडकं कोटाच्या दोन बटणांमधून अलगद बाहेर आलं आणि मास्तरांच्या मांडीवर पडलं. मास्तरांनी ते उचललं. चष्मा काढला, दोन्ही काचा सावकाश, अगदी कडांपर्यंत पुसल्या, आणि फडकं घडी करून स्वतःच्या खिशात ठेवलं.

"आभारी आहे," ते म्हणाले. "हल्ली अशी आपुलकी राहिली नाही दुकानांतून."

त्यांना खरंच कळलं नव्हतं, की कळूनही त्यांनी तिला वाचवलं, हे तिला कधीच उमगलं नाही. ती मागच्या खोलीत गेली आणि खोक्यांना टेकून आधी पोट धरून हसली. हसता हसता कधी रडायला लागली, तेही तिला समजलं नाही.

पाचव्या महिन्यात एकदा कामावर जाण्याआधी, दुकानाचा कोट अंगावर चढवूनच, ती रुसूबाईला वजनाला घेऊन गेली. एकाच बाजूवर बाळाचं पोट भरतं का, ही शंका आता घरातल्या सगळ्यांच्या तोंडी होती. सासूबाईंनी तर "त्या बाजूचं दूध नासलंय म्हणून लेकरू तोंड फिरवतं" असं शेजारणीला सांगितलेलं तिनं आपल्या कानांनी ऐकलं होतं. दवाखान्यातली नर्स नवीन होती, जाडजूड, बसक्या आवाजाची, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. वजन बरोबर भरलं. तिनं आकडा लिहिला, आणि पेन बाजूला ठेवून बाळाकडे बघतच राहिली.

"ही नेहमी अशीच बघते?"

"अशीच म्हणजे?"

"एकीकडे."

"हो. रुसूबाईच म्हणतो आम्ही तिला," ती हसून म्हणाली.

नर्स हसली नाही. तिनं कमरेचा जुडगा काढून बाळ बघत होतं त्या बाजूला वाजवला. रुसूबाईनं ओठांचा चंबू करून किल्ल्यांकडे हात केले. मग नर्सनं जुडगा हळूहळू डोक्यावरून पलीकडे नेला. बाळाचे डोळे किल्ल्यांबरोबर निघाले, मध्यावर आले, मध्याच्या पुढे गेले, अगदी कोपऱ्याला जाऊन भिडले. डोकं मात्र मध्यावरच अडलं. मग अख्खं अंग, खांद्यासकट, वळवायचा प्रयत्न करून बाळ किरकिरलं.

"डोळे येतात, मान येत नाही," नर्स म्हणाली. तिनं आपली दोन बोटं बाळाच्या मानेच्या बाजूला ठेवली. "ताई, हात द्या. इथे. लागतंय काही?"

लागत होतं. कातडीखाली ताणलेल्या दोरीसारखं काहीतरी.

"हा स्नायू आखडलाय. जन्मताच असेल, नाहीतर पोटात असतानाच. होतं असं. घाबरू नका, व्यायामानं सुटतो. डॉक्टर सांगतील सगळं." मग तिच्या कोटाकडे, बिल्ल्याकडे नजर जाऊन नर्सनं आवाज आणखी खाली आणला. "एका बाजूला पीत नाही ना?"

तिनं मान हलवली.

"पिणार कशी? तिकडे घ्यायचं तर तिला मान नेमकी नको त्या बाजूला वळवायला लागते. दुखतं तिला."

दुखतं तिला. चार महिने, दिवसातून पाच-सहा वेळा, ती आपल्या हातानं ते डोकं धरून वळवत आली होती. कधी गोंजारून, कधी वैतागून. एकदा तर, एकदाच, दातओठ खाऊन. आणि बाळ ओरडलं की म्हणायची, "किती गं हट्टी तू!"

"बघू, अशी धरा." नर्सनं बाळ उचललं. "मांडीवर आडवी नाही. काखोटीला मारल्यासारखी धरा, पाय मागे. हां. आता तिला तिच्या सोयीच्या बाजूला वळता येईल. लावा डावीकडे."

तिनं कोटाची बटणं काढली. बाळानं नाक घासलं, तोंड उघडलं आणि डाव्या बाजूला धरलं. कमान नाही, ओरडणं नाही. इतकं सहज, की जणू रोजचंच. एवढंसं तोंड जोर लावून ओढायला लागलं, गाल आत-बाहेर होऊ लागले, आणि तिच्या पाठीतून शिरशिरी गेली.

थोड्या वेळानं बाळ थांबलं. सोडलं, पुन्हा धरलं, पुन्हा ओढलं. मग तोंड बाजूला काढून वर आईकडे बघितलं आणि रडायला लागलं. हे रडणं वेगळं होतं. भुकेचं होतं. तिथे दूधच नव्हतं.

"लावत राहा," नर्स म्हणाली. "येईल थोडंफार." पण तिनं हे भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत म्हटलं.

संध्याकाळी घरी तिनं सगळं एका दमात सांगून टाकलं. नवरा खाली बसला आणि बाळाच्या मानेला बोट न लावता नुसता बघत राहिला. सासूबाई उठल्या. स्वयंपाकघरात गेल्या आणि घासून पालथी घातलेली भांडी पुन्हा घासायला लागल्या. बराच वेळ नळ वाहत होता. त्या दिवसानंतर घरात रुसूबाई हे नाव कोणी घेतलं नाही. शेजारणीनं सवयीनं हाक मारली तेव्हा सासूबाई तिच्यावर अशा काही कडाडल्या, की ती पंधरा दिवस फिरकली नाही. बाळाला सगळे नुसतं 'छकुली' म्हणायला लागले.

व्यायामाला दोन माणसं लागायची. एकानं खांदे धरायचे, दुसऱ्यानं डोकं वळवून तीस आकडे होईस्तोवर धरून ठेवायचं. असं दिवसातून चारदा. नवरा एकदा बसला, छकुलीचा पहिला टाहो ऐकून उठला आणि जिन्यात जाऊन उभा राहिला. मग खांदे सासूबाईंनी धरले. आकडेही त्याच मोजायच्या, मोठ्यानं. पहिले दहा नीट यायचे. मग छकुलीचा आवाज चढला की आकडे पळायला लागायचे, आणि सासूबाईंचे तीस विसाच्या आसपासच संपायचे.

"आई, पूर्ण मोजा."

"झाले की तीस."

"नाही झाले."

"बरं, मग तू मोज. माझ्यानं नाही होत." आणि दुसऱ्या खेपेला पुन्हा त्याच येऊन बसायच्या, पदर नसलेल्या खांद्यावर डोळे टिपायला टॉवेल टाकून.

डावीकडे पंधरा दिवसांनी दोन घोट दूध यायला लागलं, ते तेवढंच राहिलं. छकुलीनं ते दोन घोट प्यावेत आणि मग उजवीकडे जावं, असा शिरस्ता पडला. मान मात्र सुटली. अकराव्या महिन्यात डॉक्टरांनी तिला जमिनीवर सोडून चारी बाजूंनी खुळखुळा वाजवला आणि ती चारी बाजूंना वळली. डॉक्टरांनी फाइल मिटली. घरी येताना नवऱ्यानं छकुलीला खांद्यावर बसवलं होतं, आणि ती इकडून तिकडे, तिकडून इकडे रस्ता बघत होती. आई मागून चालत होती. त्या दिवशी तिला दुसरं काही नको होतं.

सव्वा वर्षाची झाल्यावर छकुलीनं आपणहून पिणं सोडलं. एका सकाळी जवळ घेतलं तर खाली उतरून चालती झाली. आठवडाभर उजवी बाजू दगडासारखी झाली, दुखली, आणि मग हळूहळू उतरली. ती वाट बघत होती. सगळे म्हणाले होते, अंगावरचं तोडलं की सारखं होतं. सारखं झालं नाही. उजवी उतरली तशी डावीही आणखी उतरली. जणू खाली जायची शर्यत लागली होती, आणि तिथेही डावीच पुढे. एकीकडे मूठभर, एकीकडे नुसता तळवा पालथा घातल्यासारखं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सहा महिने थांबा. सहा महिन्यांनी म्हणाल्या, होईल तेवढं झालंय, काही धोका नाही, आणखी काय हवं? ऑपरेशनं असतात, पण त्यासाठी कशाला अंगाला सुरी लावून घ्यायची? त्यांचं चुकत नव्हतं. कोणाचंच काही चुकत नव्हतं, हीच तर अडचण होती. चूक असती तर तिला ती धरून भांडता आलं असतं.

"दिसतसुद्धा नाही गं," नवरा म्हणाला. "आणि मला काही फरक पडत नाही."

"मला पडतो."

तो तिच्याजवळ येऊन बसला. मग म्हणाला, "काय करू सांग. सांगशील ते करतो."

तिनं त्याच्या हातांकडे बघितलं. बाविसाव्या मजल्यावर अडकलेली लिफ्ट खाली आणणारे हात, मांडीवर रिकामे पडलेले. थोड्या वेळानं छकुलीनं बाहेरून हाक मारली तेव्हा दोघांनाही उठायला निमित्त मिळालं.

त्यानंतर तिनं हा विषय काढला नाही. कपडे बदलताना दाराला कडी घालायची. ढगळ सदरे शिवून घेतले. दुकानात काम चोख होतं, फक्त ती आता गिऱ्हाइकाच्या समोर नाही, बाजूला उभी राहून चष्मा चढवायची. मालकांना ती नवी पद्धत आवडली. सगळ्यांनी तसंच करावं, असं त्यांनी सांगितलं.

सुट्टीची दुपार होती. छकुलीला घेऊन नवरा बागेत गेला होता. तिनं आंघोळीनंतर कपाट उघडलं, ब्रा काढली, आणि ती हाताला वेगळी लागली. एका बाजूला आतून कापसाची पातळ गादी बसवलेली होती. वरून मऊ जुन्या कापडाचं अस्तर, कडेनं हातशिलाई. टाके इतके बारीक, की बोट फिरवल्याशिवाय कळू नयेत. तिनं दुसरी काढली. तिलाही तशीच. तिसरीलाही.

बाहेर सासूबाई खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचत होत्या. पान उलटल्याचा आवाज मात्र येत नव्हता.

ती कपाटाशीच उभी राहिली. म्हणजे दिसत होतं. दिसत नाही, दिसत नाही म्हणत घरातलं प्रत्येक माणूस बघत होतं. तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. मग तिनं ब्रा उलटी-सुलटी केली, छातीशी धरली, आणि तिच्या लक्षात आलं. गादी उजवीकडे बसवली होती. तिन्हींना, उजवीकडे.

तिनं ती तशीच घातली, वर सदरा चढवला आणि कित्येक महिन्यांनी आरशात सरळ समोरून बघितलं. फरक होता त्याच्या दुप्पट झाला होता. तिला हसू फुटेना आणि रडूही येईना. ती कडी काढून बाहेर आली.

सासूबाईंनी वर्तमानपत्राच्या कडेवरून बघितलं. त्यांची नजर थेट तिथेच गेली, आणि या खेपेला त्यांनी ती वळवली नाही. हळूहळू वर्तमानपत्र खाली आलं.

"उलटं झालं का गं?"

"हो."

"रोज समोर बसते ना मी तुझ्या," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम म्हातारा झाला होता. "समोरून बघितलेलं. ते तसंच ध्यानात राहिलं." त्यांनी हात स्वतःच्या छातीशी नेला, एकदा इकडे, एकदा तिकडे, आणि खाली सोडला. "विचारायचं कसं? काय काय बोलले होते मी. दूध नासलं म्हणाले होते. एवढं एक करू म्हटलं, तर तेही..."

"आई, टाके फार छान आलेत."

"टाक्यांना काय चाटायचंय?" त्या उठल्या. शिवणाचा डबा उचलून आणला, कात्री काढली, सुईत दोरा ओवायला गेल्या. तीनदा चुकला. तिनं सुई त्यांच्या हातातून घेतली, ओवून परत दिली.

"मग डावी," सासूबाई म्हणाल्या. या घरात तो शब्द इतक्या सरळ कोणीच उच्चारला नव्हता.

"डावी."

"आणि एवढी जाडी पुरेल? अंदाजानं भरलाय कापूस. कमी लागेल की जास्त, मला काय कळणार?"

तिनं जाऊन बाहेरचं दार लावलं, खिडकीचा पडदा ओढला. मग सासूबाईंच्या समोर स्टूल ओढून बसली, आणि सदऱ्याचं वरचं बटण काढलं.